संध्याकाळी सातनंतरची वीज

सौर वीज की कोळशाची वीज, आणि भरवसा कोणावर ठेवायचा, या विषयावर इंदूर आणि आसपासच्या वाचकांनी बरीच पत्रे पाठवली. त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (सुदामानगर) : आम्ही छतावर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली. मागच्या आठवड्यात भर दुपारी लाईट गेली, तर लख्ख ऊन असूनही घरातला पंखा फिरेना. मग एवढा खर्च कशासाठी केला?

उत्तर : आपली यंत्रणा बिघडलेली नाही. ग्रिडला, म्हणजे सर्वांना वीज पुरवणाऱ्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर ग्रिडची वीज जाताच स्वतःहून बंद होतो, आणि तो बंद झालाच पाहिजे; अन्यथा आपल्या छतावरची वीज बाहेरच्या तारेत जाईल आणि तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही घर चालू ठेवायचे असेल तर घराला ग्रिडपासून वेगळे करणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. पंखे, दिवे आणि फ्रिज एवढ्यापुरतीच बॅटरी घ्यावी, असे मी सुचवेन. स्वच्छ उन्हाच्या दिवशी आपले छत साधारण बारा युनिटे देते. ती वर्षभर बिलातून वजा होतात, आणि केलेल्या खर्चाची भरपाई तेथूनच होते.

प्रश्न (राजवाडा परिसर) : देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळशाशिवायची झाली, असे वाचले. तरीही नवी औष्णिक केंद्रे कशासाठी?

उत्तर : बातमी खरी आहे, पण ती क्षमतेची आहे. जून २०२५ अखेर देशाची स्थापित क्षमता, म्हणजे सगळी केंद्रे एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालली तर मिळू शकणारी वीज, सुमारे ४८५ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) होती आणि तिचा निम्मा भाग सौर, पवन, जल आणि अणू यांचा होता. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या दर दहा युनिटांपैकी सुमारे सात युनिटे मात्र आजही कोळशातूनच येतात, कारण एक मेगावॅटचे सौर केंद्र वर्षभरात जी वीज देते ती अखंड पूर्ण क्षमतेने चालण्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी असते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली, पण ती दुपारची मागणी होती आणि तेव्हा सौर केंद्रे जोमात होती. खरी कसोटी सूर्य मावळल्यानंतर लागते. घरोघरी दिवे आणि कूलर सुरू होतात, दुकाने उजळतात, सराफ्याच्या खाऊगल्लीत तर रात्रीच गर्दी होते, आणि नेमक्या त्याच वेळी सौर वीज शून्यावर आलेली असते. त्यामुळे कोळशाचे संच, म्हणजे केंद्रातली वीज बनवणारी यंत्रे, दुपारी कमी क्षमतेवर आणावे लागतात आणि दोन-तीन तासांत पुन्हा वर चढवावे लागतात. हे संच क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत उतरवता आले पाहिजेत, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३ चा नियम आहे. परंतु बॉयलर एकसारखे जळत राहण्यासाठी बांधलेले असतात, आणि अशा चढउतारात दर युनिटामागे कोळसा जास्त जळतो व नळ्यांची झीज वाढते.

कोळसा आजच बंद करा म्हणणारे या संध्याकाळच्या तासांचा हिशेब मांडत नाहीत, अशी माझी तक्रार आहे. तशीच तक्रार दुसऱ्या बाजूबद्दलही आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातील औष्णिक केंद्रांकडे सरासरी चार दिवसांचाच कोळसा उरला होता, हे विसरून कोळशाला ‘हमखास’ म्हणणे बरोबर नाही. दुपारी वाचलेला कोळसा रात्रीसाठी ढिगात शिल्लक राहतो, आणि हे काम सौर वीज आज करते आहे. आहेत ती केंद्रे संध्याकाळसाठी नीट राखावीत आणि नवा पैसा साठवणुकीत व पारेषण वाहिन्यांत (वीज दूरवर नेणाऱ्या तारांत) घालावा, असे माझे मत आहे.

प्रश्न (टिळकनगर) : नर्मदेचे पाणी चढवण्यासाठी महानगरपालिकेने जलूद येथे सौर प्रकल्प हाती घेतला. पंप तर रात्रीही चालतात. मग हिशेब कसा जमतो?

उत्तर : फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी रुपये उभारले, ते याच ६० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी. पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून विंध्याचा चढ चढून आपल्याकडे येते आणि त्याचे वीजबिल हे शहराचे जुने दुखणे आहे. सौर केंद्र दिवसा ग्रिडला वीज देते, ती बिलातून वजा होते आणि रात्रीचे पंप ग्रिडवर चालतात. म्हणजे पैशाचा हिशेब जमतो, पण रात्रीची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी राहते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पाण्याची टाकी हीसुद्धा साठवणूकच आहे. टाक्या मोठ्या ठेवून जास्तीत जास्त पाणी दुपारी चढवले, तर बॅटरी न घेताही रात्रीचा भार कमी होतो. हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर नीमच जिल्ह्यात गांधीसागरजवळच्या पंप्ड स्टोरेज प्रकल्पात वापरले जात आहे : स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी टर्बाइनवर सोडायचे. पाण्याची चपळाई देशाने ५ एप्रिल २०२० च्या रात्री पाहिली. नऊ वाजता नऊ मिनिटे घराघरांतले दिवे मालवले गेले, मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने कोसळली, आणि तो धक्का मुख्यतः जलविद्युत संचांनी झेलला. नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाचे १,००० आणि ओंकारेश्वरचे ५२० मेगावॅट आपल्या दृष्टीने म्हणूनच मोलाचे आहेत.

प्रश्न (महू) : सौर ऊर्जेच्या अतिरेकामुळे स्पेन अंधारात गेला, हे खरे का?

उत्तर : अर्धवट खरे आहे. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी तेथे सौर वीज भरपूर होती, हे नाकारता येत नाही. पण तपासात दिसले ते असे की व्होल्टेज (विजेचा दाब) आवरता आले नाही, ते चढत गेले आणि एकामागून एक केंद्रे ग्रिडपासून सुटत गेली. सौर केंद्रांवर व्होल्टेज सांभाळण्याचे बंधन नव्हते, आणि ज्या पारंपरिक केंद्रांवर होते त्यांनीही ते पुरेसे पाळले नाही. आपल्याकडे ३० आणि ३१ जुलै २०१२ ला ग्रिड कोसळले तेव्हा सौर वीज नगण्य होती. सुरुवात झाली ती बीना–ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरून. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासात थंडीने वीज गेली, तेव्हाही सर्वाधिक नुकसान सौर नव्हे, तर नैसर्गिक वायूच्या विजेचे झाले.

प्रश्न (सांवेर) : गव्हाला पाणी द्यायला डिसेंबरच्या थंडीत रात्री शेतावर जावे लागते. सौर वीज आमच्या काय कामाची?

उत्तर : दादा, माझ्या मते तिचा सर्वांत चांगला उपयोग तुमच्याकडेच आहे. मध्य प्रदेशाची विजेची मागणी रब्बीच्या पंपांमुळे हिवाळ्यात शिखरावर जाते, आणि माळव्यातले हिवाळ्याचे आकाश बहुधा निरभ्र असते. पिकाला पाणी दुपारी मिळाले काय किंवा रात्री मिळाले काय, ते जमिनीत मुरून राहते. त्यामुळे या भारासाठी बॅटरीची गरजच नाही. मावठ्याचे ढग आले तर सौर वीज घटेल, पण पाऊस पडला तर त्या दिवशी पंपाचीही गरज राहणार नाही. शेतीचे फीडरच, म्हणजे उपकेंद्रातून पंपांपर्यंत वीज नेणाऱ्या वाहिन्याच, सौर विजेवर चालवण्याची तरतूद पीएम-कुसुम योजनेत आहे. तसे झाले तर थंडीत, सापा-विंचवांच्या भीतीत रात्रपाळी करण्याची वेळ येणार नाही. फीडर एका शेतकऱ्याचा नसतो, म्हणून त्यावरच्या सर्व गावांनी मिळून वीज वितरण कंपनीकडे दिवसाच्या पुरवठ्याची लेखी मागणी करावी, आणि ती गव्हाच्या पेरणीच्या बऱ्याच आधी, पावसाळ्यातच करावी.