महिन्याला ३० हजार खर्च असेल तर ट्रॅव्हल कार्ड घ्यावं की कॅशबॅक?

तुम्ही लिहिलंय की क्रेडिट कार्डावर महिन्याला साधारण ३० हजार खर्च होतात, वर्षातून एकदा घरचे सगळे विमानाने फिरायला जाता, एरवी गावी जाणं रेल्वेने किंवा गाडीने. बँकेतून ट्रॅव्हल कार्डासाठी, म्हणजे खर्चावर पॉइंट जमवून त्यांतून विमानाचं तिकीट काढता येतं त्या कार्डासाठी, सारखे फोन येतायत, तर ते घ्यावं की खर्चाचा थोडा भाग बिलातून वजा करून देणारं कॅशबॅकवालं?

माझ्याकडे दोन्ही प्रकारची कार्डं आहेत आणि घरातल्या सगळ्यांची बिलं मीच बघते. तुमच्या खर्चाला कॅशबॅकच घ्या.

आधी ३० हजारांतले सगळे पैसे धरू नका. पेट्रोल, लाइटबिल, विम्याचा हप्ता, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर बऱ्याच कार्डांवर काही मिळत नाही, किंवा नावापुरतं मिळतं. ते वजा जाता १८ हजार उरले समजा, त्यातले १२ हजार ऑनलाइन आणि ६ हजार दुकानांत. ऑनलाइनला ५ टक्के आणि दुकानात १ टक्का देणारं कार्ड असेल तर महिन्याला ६६० रुपये सुटतात, वर्षाचे ७,९२०. अशा कार्डाची फी हजाराच्या आसपास असते आणि वर्षाला दोनेक लाख खर्च झाला की बहुधा माफ होते.

आता मधल्या दर्जाचं एखादं ट्रॅव्हल कार्ड घ्या. फी २,५००, जीएसटी धरून २,९५०. दर १५० रुपयांना ४ पॉइंट. त्याच १८ हजारांवर महिन्याला ४८० पॉइंट झाले. विमानाच्या तिकिटासाठी वापरताना पॉइंटला ५० पैसे धरले तर २४० रुपये, वर्षाचे २,८८०. म्हणजे फीसुद्धा निघत नाही. हेच पॉइंट बिलात वळते करायला गेलात तर पॉइंटमागे वीस-पंचवीस पैसेच पदरात पडतात. पहिल्या वर्षी फी माफ किंवा व्हाउचर मिळतं हे खरं, पण तुम्ही दुसऱ्या वर्षाचा हिशोब मांडून बघा.

तिकीट काढतानाही अडचण असतेच. बँकेच्या पोर्टलवर तेच विमान कधीकधी कंपनीच्या ॲपपेक्षा महाग दिसतं. पॉइंट विमान कंपनीकडे वळवले तर पॉइंटवर मिळणाऱ्या जागा मोजक्या, आणि मुलांना सुट्टी असते त्या दिवाळीत नि मे महिन्यात त्या मिळणं फार कठीण. शिवाय तिकिटावरचा कर पॉइंटऐवजी पैशांत भरावा लागतो तो वेगळाच.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की साठवलेल्या पॉइंटची किंमत आपल्या हातात नसते. ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्च केला की २५ हजार पॉइंट जादा मिळायचे. सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले, फी १० हजारांवरून साडेबारा हजार झाली, आणि ५ पॉइंटचे ४ माइल (विमान कंपनीचे पॉइंट) मिळायचे तिथे २ मिळू लागले. ज्यांनी परदेशवारीसाठी पॉइंट जमवून ठेवले होते त्यांचे निम्म्यावर आले. कॅशबॅकलाही कात्री लागते. एसबीआयच्या कॅशबॅक कार्डाची महिन्याची मर्यादा २०२३ मध्येच १० हजारांवरून ५ हजारांवर आली. पण आधी बिलातून वजा झालेले पैसे कुणी परत मागायला आलं नाही.

विमानतळावरच्या लाउंजसाठी, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेल्या बैठकीच्या खोलीसाठी म्हणून कार्ड घेत असाल तर अटी नीट वाचा. आता बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच आत सोडतात. वर्षातून एका इडली-कॉफीसाठी तीन हजार फी भरण्यात अर्थ नाही.

ट्रॅव्हल कार्ड कुणाला परवडतं? माझा मामेभाऊ कामासाठी सतत परदेशात असतो. हॉटेल, तिकिटं सगळं आधी त्याच्या कार्डावर, कंपनी मागाहून पैसे देते. त्याला परदेशातल्या खर्चावर लागणारा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्कही महत्त्वाचं आहे. साध्या कार्डावर ३.५ टक्के आणि वर जीएसटी म्हणजे ४.१३ टक्के, तर चांगल्या ट्रॅव्हल कार्डावर २ टक्के, जीएसटीसकट २.३६. दोन लाखांच्या खर्चावर ३,५४० रुपयांचा फरक तिथेच पडतो. तारखा मागेपुढे करायची त्याची तयारी असते आणि पॉइंटचे तक्ते वाचायची आवडही आहे. तुमचं असं काही असेल तर माझं उत्तर बदलेल.

कुठलंही कार्ड घ्या, पण पूर्ण बिल भरता येत नसेल तर हा सगळा हिशोब फुकट आहे. ४० हजार थकले की महिन्याला साडेतीन टक्क्यांनी १,४०० रुपये व्याज लागतं, म्हणजे दोन महिन्यांचा कॅशबॅक गेला. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, भरून व्याज थांबत नाही. खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप वळती होईल असं पहिल्याच दिवशी लावून घ्या.

आणि फोनवर हो म्हणून ट्रॅव्हल कार्ड आधीच आलं असेल तर घाबरू नका. बाकी शून्य करून लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बंद होईपर्यंत बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात.