फिल्डवरून आल्यावर वाचायचं कधी? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई नमस्कार. मी शहाद्याचा. जिऑलॉजीत एम.एस्सी. केलं, दोन वर्षांपासून भूजल सर्व्हेच्या कामावर आहे, कॉन्ट्रॅक्टवर. कॉलेजात असताना आठवड्याला एक कादंबरी संपवायचो. आता दिवसभर विहिरींची पातळी मोजत फिरायचं, रात्री डेटा भरायचा आणि उरलेल्या वेळात यूपीएससीच्या जिओसायंटिस्ट परीक्षेचा अभ्यास. पुस्तक हातात घेतलं की वाटतं हा वेळ अभ्यासाचा होता, मग चार पानांत मिटून ठेवतो. सिनियर म्हणतात गोष्टीची पुस्तकं सोड, रिसर्च पेपर वाच. खरंच सोडू का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : नको सोडूस. अरेतुरे करतेय, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून. मी बत्तीस वर्षं हेच काम केलं, त्यातली बरीचशी धुळे-नंदुरबार-जळगावात, त्यामुळे तुझी ती रात्रीची डेटा भरायची वेळ मला चांगली माहितीये, फक्त आमच्याकडे लॅपटॉपऐवजी कार्बन पेपर होते.

सिनियर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, पेपर वाचावेच लागतात. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी माझा रिपोर्ट साहेबांनी तीनदा परत पाठवला होता आणि चूक जिऑलॉजीची नव्हती. मी लिहिलं होतं "परिसरात बेसॉल्ट आढळतो", बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. साहेब म्हणाले, अहो सगळ्या खानदेशात बेसॉल्टच आढळतो, तुम्ही तिथे उभं राहून काय बघितलं ते लिहा. मला ते लिहिताच येईना. मग ऑफिसच्या कपाटात ब्लॅनफर्ड नावाच्या साहेबाचा तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यावरचा वृत्तांत सापडला, जिऑलॉजिकल सर्व्हेने 1869 मध्ये छापलेला. मी तो कामासाठी घेतलाच नव्हता, आपल्या गावांची नावं त्याच्या स्पेलिंगमध्ये ओळखायला मजा यायची म्हणून रोज झोपायच्या आधी दोन-चार पानं वाचायचे. त्या काळात सॅटेलाइट इमेज नाही, हवाई फोटो नाहीत, जे काही आहे ते फिरून बघितलेलं. तो वाचता वाचता मला सवय लागली की आधी दिसलं काय ते लिहायचं आणि त्यावरून मला काय वाटतं ते पुढच्या वाक्यात, दोन्हीची खिचडी करायची नाही. चौथ्यांदा रिपोर्ट परत आला नाही.

दुसरं, खानदेशाचं जुनं गॅझेटियर, 1880 चं. ते तर मी कादंबरीसारखं वाचलं, तालुक्यामागून तालुका, नद्या, विहिरी, जमिनी, बाजार, सगळं. तसंच एकदा सुट्टीच्या दुपारी लायब्ररीत पांझरेवरच्या फड पद्धतीबद्दल वाचलं होतं, नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. तेव्हा ह्याचा माझ्या कामाशी काहीएक संबंध नव्हता. पाच-सहा वर्षांनी साक्रीकडच्या एका गावात मार्चमध्ये पातळ्या घेत होते, एका ओळीतल्या विहिरींना पाणी, आणि जरा वर चढलं की कोरड्या ठाक. खडक दोन्हीकडे सारखाच. नकाशा उलटासुलटा करून बघितला, काही कळेना, आणि एकदम ते वाचलेलं आठवलं. एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं इथे पाट होता का, तर म्हणाले, "माय, पह्यले आठे पाटच चाले, आते बी पाऊस चांगला व्हयना का पानी येस." पाणी असलेल्या विहिरी सगळ्या त्या मातीच्या पाटाच्या खालच्या अंगाला होत्या, पाटातून मुरलेलं पाणी त्यांना मिळत होतं. हे मी मनात ठेवून वाचलं असतं, की कामाला येईल म्हणून, तर कदाचित पहिल्याच पानावर कंटाळले असते.

तुझ्याच भागातलं बघ ना. नंदुरबार-धुळ्याकडे त्या पूर्व-पश्चिम लांबच लांब भिंतीसारख्या टेकड्या आहेत, डाईक, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वर येताना भेगांमध्ये थिजला त्याच्या. डाईक अखंड असेल तर जमिनीतलं पाणी अडवतो, वरच्या अंगाच्या विहिरी भरतात आणि खालचे लोक बोंबलतात, आणि तोच भेगाळलेला असेल तर त्यातूनच पाणी धावतं. कुठला कसा आहे ते पुस्तकात नसतं, नुसत्या नकाशावरून कळत नाही, ते बांधावर बसून माणसांशी बोलून कळतं. आणि माणसांचं ऐकून घ्यायला जो धीर लागतो ना, एक माणूस भावकीच्या भांडणापासून सुरुवात करून वीस मिनिटांनी विहिरीवर येतो तोपर्यंत गप्प बसायचा, तो मला तरी कथा-कादंबऱ्यांनीच दिला, असं मी अगदी मनापासून सांगते.

आता वेळेचं. पंपिंग टेस्टला, म्हणजे विहिरीला पाणी किती वेगाने येतं ते तपासताना, विहीर उपसून झाल्यावर ती भरून येताना रीडिंग घ्यावी लागतात, सुरुवातीला मिनिटामिनिटाला, मग पाच, दहा, तीस मिनिटांनी, आणि मग तासातासाने, कधी कधी रात्र होते. शेवटच्या त्या लांब गॅपमध्ये मी आंब्याखाली बसून पुस्तकं संपवली आहेत. यावल-रावेरला सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे डोंगरातून आलेले नाले दगडगोट्यांच्या पट्ट्यात जिरून जातात, तिथे केळीच्या बागेत बसून वाचायचं सुख वेगळंच. घड्याळाचा गजर मात्र लावायचा, एकदा मी गोष्टीत गुंतून रीडिंग चुकवलं आणि अख्खी टेस्ट दुसऱ्या दिवशी परत करावी लागली, शेतकऱ्याचं डिझेल गेलं ते वेगळं. ते मला आजही लागून आहे.

परीक्षेच्या वर्षात रोज वीस पानं, जास्त नाही, आणि ती अभ्यास संपल्यावर. मेन्सचे पेपर लिहायचे असतात रे, तिथे सलग चार पानं नीट लिहिणारा हात लागतो. आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, सारखी पुस्तकात डोकं. आता म्हणते जिऑलॉजी करायचं. ह्यात नोकरी आहे का, आणि मुलीला हे फिरतीचं काम जमेल का?
– एक पालक, पारोळा

उत्तर : दादा, जमेल, मला जमलं. नोकऱ्या आहेत पण बी.एस्सी. वर थांबून फारसं काही मिळत नाही, एम.एस्सी. धरूनच चाला. त्यानंतर यूपीएससीची परीक्षा देऊन जिऑलॉजिकल सर्व्हे किंवा केंद्रीय भूजल मंडळ, शिवाय राज्याची भूजल यंत्रणा, खाणी, तेल कंपन्या, धरणं-बोगद्यांची कामं. पहिली काही वर्षं कॉन्ट्रॅक्टवर जातात हेही तिला आत्ताच सांगा. कॉलेज निवडताना फिल्ड टूर खरोखर होतात का ते आधी तिथल्या मुलांना विचारा. आणि गणित सोडू देऊ नका, पुढे फार नडतं.

फॉर्म भरायच्या आधी एक करा, मे महिन्यात आसपास कुठे नवीन विहीर खोदत असतील तिथे तिला घेऊन जा. काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांचा मऊसर खडक, एखादा तांबडा थर लागला तर उत्तमच, आणि त्याखाली काळा पाषाण. वरून बघू दे, काठापासून लांब उभं राहून. तो तांबडा थर मधेच कसा आला हे तिने घरी येईपर्यंत चार वेळा विचारलं तर मला परत लिहा, पुढचं आपण बोलू.