रात्री रचून ठेवायचा ब्रेकफास्ट कॅसरोल: तळाला पाणी का सुटतं आणि त्यावर काय करायचं

तुम्ही लिहिलंय की थँक्सगिव्हिंगला घरी दहा-बारा माणसं आहेत, सासू-सासरेही भारतातून आलेत, आणि मागच्या वेळचा कॅसरोल वरून करपला, कडेला चिवट झाला आणि मध्ये चमचा घातल्यावर तळाला पाणी दिसलं. जिन्नस होते फ्रोझन पालक, कच्चे मश्रूम आणि साधा सँडविच ब्रेड, आणि ट्रे फ्रिजमधून काढून थेट ४०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये गेला. सगळी गडबड यातच आहे आणि ती पूर्ण टाळता येते. हा पदार्थ म्हणजे अंडी-दुधात मुरलेला पाव. पावाने जेवढं शोषून घ्यायचं तेवढंच ओलं त्यात असावं. त्याहून जास्तीचं पाणी कुठून शिरतंय ते शोधायचं आणि तिथेच अडवायचं.

सुरुवात पावापासून. मऊ सँडविच ब्रेड रात्रभर भिजला की त्याचा लगदा होतो. आंबूस सावरडो, फ्रेंच ब्रेड किंवा खाला (challah, अंडी घातलेला ज्यू लोकांचा वेणीदार पाव) घ्या. खाला थोडा गोडसर असतो, पण सॉसेजबरोबर फार छान लागतो. ९ बाय १३ इंचाच्या ट्रेला साधारण ४५० ग्रॅम पाव लागतो. त्याचे इंचभर तुकडे करून ३०० फॅरनहाइटला पंधरा-वीस मिनिटं सुकवा. लाल करायचे नाहीत, बोटाने दाबल्यावर बाहेरून कडक लागले की पुरे. शिळा पाव असेल तरी हे करा, कारण शिळा पाव सुकलेला असतोच असं नाही.

मग भाज्या. फ्रोझन पालक पूर्ण वितळू द्या, पंचात बांधा आणि पिळा. थांबलं असं वाटलं की पुरचुंडी उलटी धरून पुन्हा पिळा, दुसऱ्या वेळीही बरंच हिरवं पाणी निघतं. मागच्या वेळी हेच तुमच्या तळाला साचलं होतं. मश्रूम रुंद पॅनमध्ये मोठ्या आचेवर परता. आधी ते पाण्यात पोहतात, मग पाणी आटतं, मग चरचर आवाज येऊन कडा तपकिरी होतात. तिथपर्यंत थांबायचं. मीठ अगदी शेवटी घाला. कांदा, सिमला मिरचीही परतूनच घ्या. टोमॅटो मी आत घालतच नाही, बाजूला चटणी देते. पावाऐवजी किसलेला फ्रोझन बटाटा वापरणार असाल तर तोही वितळवून पिळायचा.

सॉसेज पूर्ण शिजवून, तेल निथळून घ्या. तुमच्याकडे खिमा आवडत असेल तर बिनधास्त वापरा, फक्त रस्सा पूर्ण आटवा आणि गार करा. आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर या पदार्थाला अगदी शोभतात. गरम खिमा किंवा भाजी अंड्यात पडली तर अंडं तिथेच शिजायला लागतं, म्हणून सगळं गार झाल्यावरच रचा.

एका ट्रेला ९ अंडी, ३ कप दूध (थोडं हाफ अँड हाफ, म्हणजे दूध-क्रीम निम्मं-निम्मं, मिसळलं तर उत्तम), चमचाभर मोहरीची पेस्ट, मिरपूड आणि बेताचं मीठ, कारण सॉसेज आणि चीज दोन्ही खारट असतात. चीज साधारण २२५ ग्रॅम. शार्प चेडर घ्या आणि घरी किसा. पाकिटातल्या किसाला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो, तो नीट वितळत नाही. ट्रेला लोणी लावा, पाव, भाजी किंवा खिमा आणि चीज यांचे दोन थर द्या, वरून मिश्रण ओता. मग हाताने हलकं दाबा, म्हणजे वरचे तुकडेही भिजतील. फॉइलच्या आतल्या बाजूला लोणी लावून झाका आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. कच्च्या अंड्याचा ट्रे ओट्यावर राहू देऊ नका.

आता भाजणं. ४०० फार जास्त आहे, ३५० ठेवा. अंडं-दूध हळू तापलं तर मऊ धरतं. फार तापलं की अंडं आक्रसतं आणि धरलेलं पाणी सोडून देतं. म्हणजे तळाचं थोडं पाणी तुमच्या आचेनेही काढलेलं असू शकतं. ट्रे अर्धा तास आधी बाहेर काढा. काचेचा असेल तर हे हवंच, गारढोण काच तापल्या ओव्हनमध्ये तडकू शकते. पहिली तीस मिनिटं झाकून, मग फॉइल काढून वीस-पंचवीस मिनिटं. दोन ट्रे एकदम असतील तर दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा आणि मध्यावर वरचा खाली, खालचा वर करा. झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. थर्मामीटर मध्यभागी खुपसा, १६० फॅरनहाइट दाखवला की काढा. थर्मामीटर नसेल तर मध्ये सुरी घालून जरा रुंद करा: पातळ दूध वर आलं तर अजून वेळ आहे. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं कापू नका. सगळे ताटल्या घेऊन उभे असले तरी नाही. या वेळात तो घट्ट बसतो.

दहा-बारा माणसांना दोन ट्रे करा, एक खिम्याचा आणि एक पालक-मश्रूमचा. टर्की दहाच्या सुमारास ओव्हनमध्ये जाणार असेल तर सातला हे आत जायला हवेत, म्हणजे साडेआठला खायला बसता येतं आणि ओव्हन मोकळा होतो.

सासूबाई अंडं खात नसतील तर याच पदार्थाची अंड्याशिवायची नक्कल करू नका, पाव धरून ठेवायला अंडंच लागतं. त्यांच्यासाठी छोट्या ट्रेमध्ये हांडवो (गुजराती तिखटमिठाचा भाजलेला केक) लावा, झटपट रव्याचा. रवा, थोडं बेसन आणि आंबट दही रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी किसून पिळलेला दुधी, आलं-मिरची, मीठ आणि शेवटी इनो घाला, वर मोहरी-तिळाची भरपूर फोडणी. त्याच ३५० वर, त्याच ओव्हनमध्ये होतो. पाऊण तासाने सुरी घालून बघा. आणि खरं सांगू, अंडं खाणारेही तो मागतात, तेव्हा फार छोटा करू नका.

उरलेला कॅसरोल दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस चांगला राहतो. त्याहून जास्त उरला तर चौकोनी तुकडे कापून एकेक गुंडाळून फ्रीझ करा. शाळेच्या सकाळी मुलांना देताना रात्रीच फ्रीझरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा आणि तुकडा मधोमध वाफाळेपर्यंत तापवा. मायक्रोवेव्हपेक्षा टोस्टर ओव्हनमध्ये कडा पुन्हा कुरकुरीत होतात.