‘लाउंज सूट’ म्हणजे घरचे कपडे नव्हेत

परदेशी राहायला जाताना कोणते कपडे न्यायचे, हा तुझा प्रश्न दोनदा वाचला. दोघांच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. पोचल्यावर पहिल्या चार महिन्यांत चार प्रसंग: कामावर रुजू होण्याचा आठवडा, कंपनीची रात्रीची वार्षिक मेजवानी, नवऱ्याच्या मित्राचं लग्न आणि साहेबांच्या बागेतली दुपारची पार्टी. चारही ठिकाणी कपड्यांबद्दल वेगवेगळे शब्द लिहिलेत: ‘बिझनेस कॅज्युअल’, ‘ब्लॅक टाय ऑप्शनल’, ‘कॉकटेल’, ‘स्मार्ट कॅज्युअल’. आणि शेवटी हळूच विचारलंयस, की कमरेपर्यंतचे केस निघण्याआधी कापून टाकू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कापू नकोस. कंटाळा आला असेल तर खुशाल काप, पण तिकडे शोभणार नाहीत म्हणून कापू नकोस. लांब केस ही तुझ्या बॅगेतली बिनवजनाची गोष्ट आहे, आणि एकच पोशाख चार वेळा वेगळा दिसायला हवा असेल तर त्यांच्याइतकी मदत दुसरं काही करणार नाही. ते कसं, ते पुढे सांगते.

आता ते शब्द. मला परदेशात तेरा वर्षं झाली, तरी आमंत्रण आलं की मी सगळ्यात आधी तीच ओळ वाचते. एक लक्षात ठेव, या शब्दांचा शब्दशः अर्थ लावायला गेलीस की फसलीस. ते संकेत आहेत, आणि संकेत पाठच करावे लागतात. ‘लाउंज सूट’ म्हणजे घरात लोळायचे ढगळ कपडे नव्हेत, तर साधा कोट-पँट-टाय. इंग्लंडच्या पद्धतीच्या आमंत्रणांवर हा शब्द सर्रास असतो. ‘इन्फॉर्मल’ जुन्या पद्धतीच्या पत्रिकेवर दिसला तर तिथेही सूटच अपेक्षित असतो, कारण त्या काळी ‘फॉर्मल’ म्हणजे त्याच्याही वरचं काहीतरी. ‘मॉर्निंग ड्रेस’ सकाळी उठल्यावर घालायचा नसतो. तो दिवसाच्या समारंभांचा पुढून आखूड, मागून लांब शेपटांचा कोट. आणि पत्रिकेच्या तळाशी ‘कॅरेजेस ॲट मिडनाइट’ असं दिसलं तर घोडागाडीची वाट पाहू नकोस. कार्यक्रम बाराला संपतो, एवढंच त्यांना सांगायचंय.

मी कुठे फसले तेही सांगते. पहिल्याच वर्षी ‘फॅन्सी ड्रेस’ असं आमंत्रण आलं. मला वाटलं, छान, भारी कपडे. ठेवणीतलं रेशीम काढलं, केसांचा उंच खोपा घातला, कानांत जड झुमके. दार उघडलं तर समोर एक समुद्री चाचा, दोन भुतं आणि एक पुरुषभर उंचीचं केळं. तिकडे ‘फॅन्सी ड्रेस’ म्हणजे सोंगं घेऊन यायचं, हे तेव्हा कळलं. केळ्याने मोठ्या आदराने विचारलं, “आपण कोण झाला आहात?” मी म्हटलं, “राणी.” संध्याकाळ निभावली. पण तेव्हापासून शंका आली की यजमानाला सरळ विचारते. ‘तुम्ही स्वतः काय घालणार आहात?’ हा एक प्रश्न शंभर लेखांपेक्षा उपयोगी पडतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

तुझ्या यादीतलं सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे ती रात्रीची मेजवानी, म्हणून तिथे जरा रेंगाळते. ‘ब्लॅक टाय’मध्ये पुरुषांना डिनर जॅकेट लागतं. अमेरिकेत त्यालाच टक्सिडो म्हणतात, न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या वस्तीवरून. कॉलरच्या पट्ट्यांवर सॅटिन किंवा तसंच रेशमी कापड, पँटच्या बाहेरच्या शिवणीवर फीत, पांढरा शर्ट, काळा बो, आणि कमरेला चुण्यांचा रुंद पट्टा. या पट्ट्याला ते ‘कमरबंड’ म्हणतात. हा आपला कमरबंदच, आपल्याकडे आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी उचलून नेलेला. नवरा वापरणार असेल तर चुण्यांची तोंडं वरच्या बाजूला, एवढं बघ. पण तुमच्या पत्रिकेवर ‘ऑप्शनल’ आहे, म्हणजे गडद रंगाचा चांगला सूट, पांढरा शर्ट आणि गंभीर रंगाचा टाय यावर काम भागतं. एका रात्रीसाठी डिनर जॅकेट विकत घेऊ नका. पुढे कधी लागलंच तर भाड्याने मिळतं, आणि भाड्याने आणलेलं असल्याची कुणाला लाज वाटत नाही.

तुझ्यासाठी ‘ब्लॅक टाय’ म्हणजे घोट्याच्या खाली जाणारा पोशाख. ‘ऑप्शनल’ असेल तर गुडघ्याखालचा उंची ड्रेसही चालतो. आणि हो, साडी चालते. चालवून घेतात असं नाही, नियमाप्रमाणे चालते. अशा पत्रिकांवर पुष्कळदा ‘किंवा राष्ट्रीय पोशाख’ असं छापलेलंच असतं. ‘ब्लॅक टाय’च्याही वरची पायरी ‘व्हाइट टाय’, आणि स्टॉकहोमला दरवर्षी 10 डिसेंबरला होणारा नोबेल समारंभ त्या पायरीवरचा. तिथेही स्वतःच्या देशाचा पोशाख घालायला परवानगी आहे. तेव्हा साडी नेसायची तर बिचकत नेसू नकोस. फक्त जी नेसून तू तीन तास सहज वावरू शकतेस तीच ने. दर पाच मिनिटांनी निऱ्या चाचपणारी बाई कुठल्याही ड्रेसकोडमध्ये अवघडलेलीच दिसते.

‘कॉकटेल’ हा मधला प्रकार: गुडघ्याच्या आसपासचा नेटका ड्रेस, पुरुषांना गडद सूट. लग्नाला जाताना एकच पथ्य, पांढरा आणि त्याच्या जवळपासचे रंग टाळायचे. मोतिया, हस्तिदंती, फिकट साय, सगळेच. व्हिक्टोरिया राणीने 1840 मध्ये स्वतःच्या लग्नात पांढरा पोशाख घातला, तेव्हापासून पांढरा नवरीचा ही रीत रुजत गेली. पाहुणीने तो घातलेला लोकांच्या चांगलाच डोळ्यांवर येतो. कुणी तोंडावर बोलणार नाही. फोटोंत मात्र आयुष्यभर दिसेल.

‘बिझनेस कॅज्युअल’ आणि ‘स्मार्ट कॅज्युअल’ या जोडीवर खरं तर कुणाचंच एकमत नाही, तेव्हा तूही डोकं शिणवू नकोस. पहिल्या आठवड्यात एक पायरी वर राहा: टायशिवाय कॉलरचा शर्ट, जॅकेट, इस्त्रीची पँट. खोलीत शिरल्यावर जॅकेट काढून खुर्चीला लावता येतं, घरी विसरलेलं जॅकेट अंगावर आणता येत नाही. शुक्रवारपर्यंत तुला आपोआप कळेल, तिथे जीन्स चालते की नाही. स्मार्ट कॅज्युअलमधला ‘स्मार्ट’ जोड्यांवरून आणि कपड्याच्या बसणीवरून ठरतो. तीच पँट खेळाच्या बुटांवर कॅज्युअल, चामड्याच्या बुटांवर स्मार्ट.

बागेतल्या पार्टीला उंच बारीक टाचा नकोत. गवतात रुततात आणि आपण जागच्या जागी हळूहळू बुटके होत जातो, स्वानुभव आहे. रुंद टाच किंवा पूर्ण सपाट. सपाट जोडे म्हणजे कमी प्रतीचे, हा समजही सोडून दे. 2015 मध्ये फ्रान्समधल्या कान शहरातल्या चित्रपट महोत्सवात सपाट चपला घातलेल्या काही बायकांना दारात अडवल्यावरून मोठा गदारोळ झाला होता. आता तिथल्याच नियमांत टाच नसलेले शोभिवंत जोडे चालतात. अर्थात काही जागा अजूनही कडक आहेत. त्याच वर्षी लुईस हॅमिल्टनसारख्या जगज्जेत्या शर्यतपटूला विम्बल्डनच्या रॉयल बॉक्समध्ये बसता आलं नाही, कारण अंगावर जॅकेट-टाय नव्हता. अशा कडक जागांचं मला उलट बरं वाटतं, कारण सगळं लिहून दिलेलं असतं. रॉयल ॲस्कॉटच्या घोडशर्यतींत राजघराण्याच्या आवारात बायकांच्या ड्रेसचे खांद्यावरचे पट्टे किमान एक इंच रुंद हवेत, आणि टोपीऐवजी डोक्यावर काही लावायचं तर त्याचा तळ किमान चार इंचांचा हवा. पट्टी घ्या, मोजा, निघा. त्रास देतात ते ‘फेस्टिव्ह शीक’सारखे हवेतले शब्द. तसलं काही आलं की यजमानाला विचारायचं, वर म्हटलंच.

आता केस. माझा हिशोब सोपा आहे: आधी गळा बघायचा, मग केस ठरवायचे. बंद किंवा उंच गळा असेल तर केस वर बांध, नाहीतर मानच दिसत नाही आणि सगळं कोंदल्यासारखं वाटतं. गळा रुंद आणि खांदे मोकळे असतील तर केस मोकळे किंवा अर्धे बांधलेले छान दिसतात. पाठीचा गळा खोल असेल तर तो केसांनी झाकण्यात अर्थ नाही, वर घे किंवा एका खांद्यावरून पुढे आण. कानांत मोठं काही असेल तर कानांवरच्या बटा मागे. म्हणजे बघ, एकच काळा ड्रेस. कामावर जॅकेटखाली घालून मागे नीट चापलेली शेपटी, लग्नाला त्यावर अर्धे मोकळे केस आणि रंगीत शाल, मेजवानीला मानेवर घट्ट अंबाडा आणि लांब कानातले. दुसरा ड्रेस होता का, असं लोक विचारतात. मला दोनदा विचारलंय.

कमरेइतक्या केसांचा अंबाडा एकाच वेणीचा घालशील तर ओझ्याने तासाभरात खाली घसरेल. दोन वेण्या घाल, एक उजवीकडून आणि दुसरी डावीकडून एकमेकींभोवती गुंडाळ, भार वाटला जातो. यू आकाराचे आकडे वापर, आणि चपट्या पिना लावताना नागमोडी बाजू डोक्याकडे ठेव, पकड तिचीच असते. बहुतेक जणी उलट लावतात आणि पिनांना दोष देतात. केस त्याच दिवशी धुऊ नकोस. आदल्या दिवशी धुतलेले केस बांधायला जास्त ऐकतात. सागरवेणी येत असेल तर बागेतल्या पार्टीसाठी तिच्यासारखं काही नाही, कितीही वारा सुटला तरी जागची हलत नाही.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. थंड देशात जात असशील तर मधे ओव्हरकोट येतो. त्याची उभी कॉलर मानेवरच्या अंबाड्याला ढकलत राहते आणि लोकरी टोपी माथ्यावरचं सगळं चपटं करते. शिवाय घरं तापवलेली असल्याने हवा कोरडी, टोपी काढली की केस विजेचा झटका बसल्यासारखे उभे राहतात. म्हणून हिवाळ्यात मी अंबाडा थोडा वर घालते, टोपीऐवजी सैल शाल डोक्यावरून घेते आणि पर्समध्ये कंगवा व चार पिना ठेवते. कोट दाराशी काढून द्यायचा असतो, तेव्हा आरशासमोर दोन मिनिटं मिळतातच. बर्फातले बूटही तिथेच बदलतात. समारंभाचे जोडे पिशवीत घेऊन जाणाऱ्या बायका पाहून पहिल्यांदा मला हसू आलं होतं.

प्रसंगाच्या आठ दिवस आधी पूर्ण वेषात रंगीत तालीम कर. बस, वाक, हात वर कर, जिना चढ. मागून फोटो काढायला सांग, कारण लोक आपल्याला अर्धा वेळ मागूनच बघत असतात.

बॅगेत काय भरायचं ते यावरून आलंच. तुझ्यासाठी एक गडद साधा ड्रेस, एक जॅकेट, दोन पँटी, एक साडी किंवा लांब पोशाख, दोन जोडे. त्याच्यासाठी एक गडद निळा सूट, कारण निळा दिवसाही चालतो आणि रात्रीही, काळा दुपारच्या उन्हात वाढप्यासारखा दिसतो. तो इथूनच मापाने शिवून घ्या. खांदे बसले पाहिजेत, बाकी सगळं पुढे दुरुस्त होतं. शर्टाची बाही कोटाबाहेर सेंटिमीटरभर दिसावी. कोटाचं सगळ्यात खालचं बटण लावायचं नसतं. तयार सूट घेतला तर मागच्या फटीवर फुलीसारखा जाड दोरा असतो, तो कापून टाकायचा. बाहीवर कंपनीची पट्टी टाचलेली असेल तीही उसवायची. माझ्या नवऱ्याने वर्षभर त्या फुलीसकट सूट घातला. त्याला वाटत होतं, ते नक्षीकाम आहे.

केस सरळ करायचं यंत्र मात्र बॅगेत टाकण्याआधी पालथं करून वाच. त्यावर 100 ते 240 व्होल्ट असं लिहिलं असेल तरच ने, मग कुठेही फक्त पिनेचा अडॅप्टर लागेल. नुसतं 220 किंवा 230 लिहिलेलं यंत्र अमेरिकेसारख्या 120 व्होल्टच्या देशात कोमट होऊन बसतं. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही, आणि प्रवासातले छोटे कन्व्हर्टर इतक्या वॅटचं ओझं पेलत नाहीत. मेजवानीच्या संध्याकाळी अर्धे केस सरळ आणि अर्धे कुरळे घेऊन स्नानगृहात उभी राहिलेय मी. तेव्हाही शेवटी अंबाडाच घातला.