बाण खोल घुसायला हवा, तर आधी वजन बघ

हलका बाण वेगाने जातो म्हणून तो लक्ष्यात जास्त घुसतो, ही समजूत आधी सोड. समजा, एकाच कंपाऊंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्यातून ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं छोटं एकक) बाण सेकंदाला २८० फुटांनी सुटला आणि ४५० ग्रेनचा २५० फुटांनी. ऊर्जा दोघांची जवळपास सारखीच, ६१-६२ फूट-पाउंड. संवेग (वजन गुणिले वेग) मात्र जड बाणाचा सुमारे १५ टक्के जास्त, आणि लक्ष्याच्या फोममध्ये शिरल्यावर बाणाला पुढे रेटतो तो हाच. शिवाय जड बाणाने धनुष्याचा धक्का आणि आवाजही कमी होतो.

रिकर्व्हचं, म्हणजे चाकं नसलेल्या, टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचं गणित वेगळं. ३० पाउंडांच्या ओढीवर (दोरी ताणायला लागणाऱ्या जोरावर) ७० मीटर गाठायचे तर हलकाच बाण घे, नाहीतर साइट (नेम धरायची खूण) खाली सरकवायला जागा उरत नाही.

पण हलकं म्हणजे किती? कंपाऊंडला ओढीच्या दर पाउंडामागे ५ ग्रेनच्या खाली कधीच जाऊ नकोस. ५० पाउंडांना निदान २५० ग्रेन. त्याखाली धनुष्याच्या लवणाऱ्या भुजा (लिंब) तडकू शकतात, तुलाही इजा होईल.

आणि वजन वाढवायला नुसता जड पॉइंट (बाणाचं टोक) लावलास, तर शाफ्ट (बाणाची काडी) जास्त लवतो. तेव्हा स्पाइन, म्हणजे शाफ्टचा ताठपणा, पुन्हा तपास. तिरका शिरणारा बाण कितीही जड असला तरी लवकर अडकतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.