अंगणातला पक्षी, तीन मीटरवरून

घराजवळच्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या वाचकांकडून आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे. बागेत बुलबुल, दयाळ, साळुंक्या रोज येतात, पण फोटोत पक्षी एवढासाच दिसतो. कापून मोठा केला की फोटो फुटतो. १५०-६०० मिमीची लेन्स घ्यावी का? (सातारा)

उत्तर : आत्ता नको. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे साध्या डीएसएलआरमध्ये असतो तशा छोट्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३०० मिमीला ६ मीटरवरून साधारण ४५ सेंमी रुंदीची जागा चौकटीत येते, ३ मीटरवरून जेमतेम २१ सेंमी. बुलबुलच चोचीपासून शेपटीपर्यंत २० सेंमी भरतो, म्हणजे ३ मीटरवर तो चौकटीत कोंबल्यासारखा दिसेल. त्याला साडेतीन-चार मीटर पुरे. मोठ्या लेन्सवर पैसे घालून जे मिळणार ते अंतर कमी करून फुकट मिळते. शिवाय १५०-६०० मिमीच्या लेन्स दोन किलोच्या आसपास भरतात आणि त्यांतल्या काही पावणेतीन मीटरच्या आत फोकसच करत नाहीत.

पक्ष्याच्या मागे फिरू नका. उजेड आणि पार्श्वभूमी पाहून जागा तुम्ही ठरवा आणि पक्ष्याला तिथे बोलवा. बोलावण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी. कुंडीखाली ठेवतात तशी ३५-४० सेंमी व्यासाची मातीची थाळी घ्या. पाणी कडेला १ सेंमी आणि मध्ये फार तर ४-५ सेंमी असू द्या, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात पाय घसरतात, मग पक्षी काठावरूनच घोट घेऊन निघून जातो. थाळी मीटरभर उंचीवर ठेवा म्हणजे कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. वरून खाली काढलेल्या फोटोत पक्ष्याची फक्त पाठ दिसते. झुडूप दीड-दोन मीटरवर हवे, कारण पक्षी आधी तिथे थांबून अंदाज घेतो. झुडूप थाळीला चिकटून असेल तर मात्र मांजर तिथेच दबा धरते.

खरा फोटो मिळतो तो थाळीत नाही, शेजारच्या फांदीवर. अंगठ्याएवढी जाड, सालीसकट पेरूची किंवा बाभळीची फांदी वाळूने भरलेल्या कुंडीत रोवा. तिचे टोक थाळीच्या काठापासून ३० सेंमीवर आणि लेन्सला आडवे असू द्या. फांदीमागे तीन-चार मीटर मोकळे सोडून मेंदीचे कुंपण किंवा सावलीतली झाडी आली, तर पार्श्वभूमी आपोआप मऊ हिरवी होते. उन्हातली पांढरी भिंत मागे आली की कॅमेरा तिच्याच उजेडाला भुलतो आणि पक्षी काळवंडतो. सूर्य तुमच्या पाठीशी हवा. उन्हाळ्यात नऊनंतरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, तेव्हा सकाळी लवकर किंवा चारनंतर बसा.

बसण्यासाठी नर्सरीत मिळणारी शेडनेट दुहेरी करून टांगा आणि लेन्सपुरती फट ठेवा. पक्षी बुजतो तो हालचालीने, कपड्यांच्या रंगाने फारसा नाही. थाळीवर पाण्याची बाटली टांगून बुडाला टाचणीने भोक पाडले, तर थेंब पडण्याचा आवाज पक्ष्यांना लवकर ओढून आणतो. पाणी रोज ओतून टाका आणि थाळी काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात, नुसते पाणी बदलून ती जात नाहीत.

प्रश्न : डोळा स्पष्ट येतो, पण शेपटी धूसर. लेन्स बिघडली आहे का? (अकोला)

उत्तर : नाही. इतक्या जवळून स्पष्टतेची पट्टी फार अरुंद असते. ३०० मिमी, ३ मीटर आणि एफ ५.६ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो मोठा तितके छिद्र लहान) ती साधारण २ सेंमी असते, एफ ८ ला ३ सेंमी. पक्षी समोरून पाहत असेल तर त्याची शेपटी त्या पट्टीच्या कितीतरी मागे जाते. एफ ८ ठेवा आणि पक्षी अंगाने आडवा होईपर्यंत थांबा. आडव्या फांदीचा उपयोग इथे होतो. एकच फोकस बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा, सतत फोकस चालू ठेवा. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० पुरते, पण पाण्यात फडफड सुरू झाली की थेंब गोठवायला १/२००० लागेल. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) स्वयंचलित ठेवून वरची मर्यादा ३२०० करा. फोटोत थोडी रवाळ ठिपकी आलेली परवडते. हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही.

प्रश्न : हमेलियाच्या फुलांवर रस पिणारा चिमुकला शिंजीर पक्षी येतो. नर डोळ्यांना जांभळा-निळा दिसतो, फोटोत मात्र कोळशासारखा. साखरपाणी ठेवले तर जास्त वेळ थांबेल का? (कोल्हापूर)

उत्तर : त्या पिसांची झळाळी रंगद्रव्यामुळे नसते, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परावर्तित होऊन ती दिसते. उजेड तुमच्या पाठीमागून येऊन पक्ष्यावर पडला आणि त्याने मान तुमच्याकडे वळवली, तरच ती कॅमेऱ्यात उतरते. बाजूच्या किंवा समोरच्या उजेडात तो काळाच येणार. मागे आकाश असेल तर एक्स्पोजर १ स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट करा. थेट उन्हात चमक पांढरी पडू नये म्हणून अर्धा स्टॉप कमी करा आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा. तो बहुतेक वेळा देठावर बसूनच रस पितो, तेव्हा १/१००० चालते. क्षणभर हवेत थांबतो त्यासाठी १/३२०० लागेल. आवाज टाळायला इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फडफडते पंख वाकडे येतात, तिथे यांत्रिक शटरच बरे.

साखरपाणी नको. आपल्याकडच्या उष्म्यात ते लवकर आंबते आणि त्यात बुरशी धरते. त्याऐवजी हमेलियाची आणखी दोन झाडे लावा, कर्दळ लावा. फुलांचे दोन-चार घोसच उजेडात राहतील अशी छाटणी केली, तर पक्षी कुठे येणार हे आधीच कळते.

प्रश्न : दाणे ठेवले की फक्त कबुतरे येतात. (ठाणे)

उत्तर : दाणे बंद करा. कबुतरांच्या विष्ठेतून फुप्फुसांचे दुखणे होऊ शकते, शेजाऱ्यांचाही विचार हवा. पिकलेल्या पपईची फोड फांदीवर खोचली तर बुलबुल येतील. तीही संध्याकाळी काढून टाका. फरसाण आणि पाव कोणत्याच पक्ष्याला नको.

प्रश्न : खिडकीच्या काचेतून फोटो फिके येतात. (पुणे)

उत्तर : काच दोन्ही बाजूंनी पुसा, खोलीतले दिवे बंद करा आणि लेन्सचे हूड (पुढे बसवायचे कडे) काचेला टेकवा. लेन्स काचेशी काटकोनात हवी. तिरकी धरली की कडा दुहेरी येतात. सरकत्या खिडकीत दोन काचा एकमेकींवर आलेल्या नकोत. फ्लॅश वापरू नका. डासांची जाळी मात्र उघडावीच लागेल. लेन्स जाळीला चिकटवून तारा दिसेनाशा होतात, पण फोटोचा जिवंतपणा जातो. जाळी सरकवून त्या फटीवर गडद कापड लावा, कापडाला लेन्सएवढे भोक पाडा.

प्रश्न : बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटे केले आहे. पाने बाजूला करून पिल्लांचे फोटो काढले तर चालतील ना? (नागपूर)

उत्तर : नाही. ती पाने म्हणजे पिल्लांचे छत. ती हटली की ऊन थेट अंगावर येते, कावळ्याला आणि भारद्वाजाला घरटे दिसते. पंख फुटू लागलेली पिल्ले घाबरून वेळेआधी उड्याही टाकतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते. अनेक स्पर्धा घरट्यांचे फोटो स्वीकारतच नाहीत. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत चारेक आठवडे लागतात. तोवर कुंडीला पाणी लांबून, बेताने घाला. पिल्ले उडाली की आई-बाप त्यांना आसपासच्या झाडांवर काही दिवस भरवत असतात, ते दृश्य लांबून मोकळेपणाने टिपता येते.

प्रश्न : फक्त मोबाइल आहे. काही जमेल? (रत्नागिरी)

उत्तर : जमेल, पण मोबाइल पाण्याजवळ आणि तुम्ही घरात. आधी दोन-तीन दिवस मोबाइलच्या आकाराचा खोका काळ्या कापडात गुंडाळून थाळीपासून ४० सेंमीवर ठेवा. पक्षी त्याला सरावले की त्या जागी छोट्या स्टँडवर मोबाइल लावा. फांदीच्या टोकावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कायम करा, नाहीतर पानं हलली तरी तो फोकस शोधत बसतो. फोटो काढायचे ब्लूटूथचे बटण खोलीतून चालते. ते नसेल तर फोर-के व्हिडिओ लावून ठेवा आणि त्यातून चौकट काढा. ती साधारण ८ मेगापिक्सेलची असते, पोस्टकार्डाएवढ्या छपाईला भरपूर. रिंगटोन आणि सूचना बंद ठेवा. मोबाइलवर थेट ऊन येऊ देऊ नका, तो तापला की चित्रीकरण मध्येच थांबते.