बोर्ड महिलांचा, पॉलिसीही महिलांची

प्रश्न : वय ३६, वजन ५८ किलो, पुण्यात नोकरी, हातात महिना ८० हजार. तारकर्लीला दोनदा पॅडलबोर्डिंग (पाण्यावर बोर्डवर उभं राहून वल्हवणं) केलं आणि वेडच लागलं. हवा भरायचा स्वतःचा बोर्ड घ्यायचाय. साधा ४२ हजारांना आहे, ‘खास महिलांसाठी’ ५८ हजारांना. जादा पैसे द्यावेत का? पैशांची अडचण नाही. महिला दिनाला घेतलेल्या मनी-बॅक (दर काही वर्षांनी थोडे पैसे परत देणाऱ्या) पॉलिसीचे पहिले १ लाख नुकतेच मिळालेत, तो नफाच आहे. घरी पती, ७ वर्षांची मुलगी, दोघांच्या नावावर ३४ लाखांचं गृहकर्ज.

उत्तर : ताई, बोर्डाचं आधी उरकतो. पाण्याला फक्त तुमचं वजन कळतं. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद साधा बोर्ड ५८ किलोला भरपूर झाला. महिलांचे म्हणून विकतात ते बहुधा थोडे आखूड, इंचभर अरुंद आणि हलके. हलकेपणा खरंच कामाचा, कारण गाडीपासून पाण्यापर्यंत ओझं तुम्हीच वाहणार. पण अरुंद बोर्ड नवख्याच्या पायाखाली डुगडुगतो, आणि ५८ किलोच्या पुरुषालाही तोच हलका बोर्ड चालेल. बोटीमागे ओढत नेतात त्या वेकबोर्ड, वॉटरस्कीचंही तसंच : माप वजनावर ठरतं, स्कीचं बोटीच्या वेगावरही. फरक खरा पडतो तो लाइफ जॅकेटमध्ये, कारण छातीची ठेवण वेगळी. जॅकेट महिलांच्या मापाचंच घ्या. वल्हं हलकं, लहान पात्याचं आणि डोक्यावर वीतभर उंच. यात ८ हजार गेले तरी ५८ हजारांच्या आतच राहाल.

आता त्या ‘नफ्या’कडे येऊ. तुम्ही जोडलेल्या कागदांप्रमाणे विमा रक्कम ५ लाख, हप्ता वर्षाला ३९ हजार, १५ वर्षं भरायचा. पाच वर्षांत भरले जवळपास २ लाख, परत आला १ लाख. आपल्याच खिशातले पैसे आपल्याला मिळाले, तेही निम्मे! पुढचा बोनस धरूनही परतावा ५ टक्क्यांच्या आसपास. तुम्हाला पॉलिसी विकणाऱ्याने हे गणित मांडलं नाही, कारण मांडलं असतं तर तुम्ही घेतलीच नसती.

परताव्यापेक्षा मला त्या ५ लाखांची धास्ती वाटते. उद्या तुम्हाला काही झालं तर ३४ लाखांचं कर्ज आणि मुलीचं शिक्षण, आणि हाती ५ लाख. तुमचा पगार वर्षाला साडेनऊ लाखांच्या पुढे! म्हणजे सहा महिनेच निघतील. १ कोटीचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे) या वयात, धूम्रपान नसेल तर, वर्षाला साधारण १०-१५ हजारांत बसतो. आणि इथे ‘महिलांसाठी’ला खरा अर्थ आहे : त्याच वयाच्या पुरुषापेक्षा बाईला हप्ता कमी पडतो. महिला दिनाला तुम्हाला विकलं गेलं ते मात्र हे नव्हे.

मुदत विम्याची पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नका. दरम्यान कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज मोडली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली (म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवली) तर शेवटी किती. ते पाठवा, मग ठरवू. पतींच्या विम्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही, तेही कळवा.

बोर्ड जरूर घ्या, साधा. फक्त विम्याच्या फॉर्ममध्ये साहसी छंदांचा प्रश्न असतो, तिथे पॅडलबोर्डिंग स्पष्ट लिहा.